पाटलोणीच्या निकट येण्याविषयीची विनंती

गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, सकाळचा दुसरा चहा होऊन गेल्यावर आणि तिसरा मागण्याचे धैर्य एकवटण्यापूर्वी, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीलगतच्या खुर्चीवर बसलेलो असताना माझ्यावर एक वाक्य रचण्याची जबाबदारी येऊन पडली. वाक्य लहान होते. जबाबदारी देणारी माझी पत्नी होती.

"अहो, एका पाटीचा मजकूर लिहून द्या," ती म्हणाली. "इंग्रजीत. लोकांनी जरा जवळ येऊन बघावं, एवढंच सांगायचंय."

"कोणत्या लोकांनी? कशाच्या जवळ? आणि जरा म्हणजे किती?"

"म्हणूनच मी आधी पेंटरला विचारणार होते," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

माझी पत्नी रफू करते. आमच्या इमारतीत, आणि खरे पाहता आमच्या अख्ख्या गल्लीत, फाटलेल्या वस्त्राचा शेवटचा आसरा तीच. या कलेचे एक वैशिष्ट्य येथे सांगितलेच पाहिजे. चित्रकाराचे चित्र दिसले की तो यशस्वी, गवयाचे गाणे ऐकू आले की तो यशस्वी; रफू करणाऱ्याचे काम मात्र दिसले की फसले. "दिसलं तर ते ठिगळ," असे ती म्हणते. ती त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा उसवून काढते, खिडकीच्या उजेडात धरते, आणि तो पसंत पडला तर स्वतःशीच पुटपुटते, "लांबी बरोबर आहे." मग तो धागा भोकाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, एका धाग्यावरून, एकाखालून असा नेते, की वीण जणू कधी तुटलीच नव्हती. आमच्या घरात "लांबी बरोबर आहे" याहून मोठी प्रशंसा अस्तित्वात नाही. माझ्या गद्याच्या वाट्याला ती कधी आलेली नाही. हयातभर सरकारी मसुदे लिहून निवृत्त झालेल्या माझा कोणताही मजकूर वाचून तिने दिलेला अभिप्राय ठरलेला असतो: "लांब झालंय."

तर आमच्या सार्वजनिक सभागृहात हस्तकलांचे प्रदर्शन भरणार होते आणि तिला एक गाळा मिळाला होता. प्रदर्शन संपताना, ज्या कलेपाशी लोक सर्वांत अधिक रेंगाळतील त्या कलेच्या वर्गासाठी सभागृहाची माडीवरची रिकामी खोली वर्षभर मोफत मिळणार होती. ती खोली तिला हवी होती. "माझ्यानंतर हे कोणालाच येत नाही, असं व्हायला नको," असे ती एकदाच, मान वर न करता म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि मी तो विसरलो नाही.

अडचण उघड होती. इतर गाळ्यांत मातीचे घोडे, वेताच्या टोपल्या, काचेची पाखरे. आणि आमच्या गाळ्यात खुंट्यांवर टांगलेले जुने कपडे. कसरीने चाळण केलेली एक शाल, इस्त्रीने जाळलेला एक सदरा, कोणाचासा शाळेचा कोट, आणि मधोमध, प्रकाशाच्या बरोबर खाली, माझी करड्या रंगाची पाटलोण. हाताच्या अंतरावरून पाहणाऱ्याला त्यांत जुनेपणाखेरीज काही दिसणे शक्य नव्हते. जे पाहायचे ते वीतभर अंतरावरून पाहायचे होते.

पाटलोणीविषयी मी आक्षेप घेतला होता. निवृत्तीच्या निरोपसमारंभात, आभाराचे भाषण करण्यासाठी मी उठलो तेव्हा खुर्चीतील एका खिळ्याने तिला जे केले, त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता. श्रोत्यांच्या स्मरणात माझ्या भाषणापैकी तेवढेच उरले आहे. दुखापत पाठीमागच्या बाजूस, अशा जागी झाली होती की जिचा नामोल्लेख गंभीर गद्यात होत नाही.

"ती नको," मी म्हणालो. "दुसरं काहीही लाव."

"माझं सगळ्यात चांगलं काम त्यावर आहे," ती म्हणाली.

मी पाटलोण कपाटातून काढून दिली.

पाटी इंग्रजीतच हवी, हा आयोजकांचा नियम होता. परदेशी पाहुणे येणार होते. मी सभागृहाच्या कार्यालयात जाऊन सचिवबाईंसमोर स्वभाषेची बाजू मांडली, बरीच मांडली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मृदू स्वरात म्हणाल्या, "सर, नियम आहे." आरडाओरडा करणाऱ्या अधिकाऱ्याला मी आयुष्यात कधी भ्यालो नाही, मृदू स्वराच्या अधिकाऱ्यापुढे माझे काही चालत नाही.

घरी येऊन मी कोश उघडला, आणि जवळ बोलावणे ही क्रिया इंग्रजीत किती निरनिराळ्या प्रकारे करता येते हे पाहून चकित झालो. कम हिअर, कम निअर, कम क्लोजर, कम ओव्हर, स्टेप फॉरवर्ड, अप्रोच, ड्रॉ निअर, लीन इन. वरवर पाहता सख्खी भावंडे. स्वभाव मात्र एकाचा दुसऱ्याला नाही. अशा वेळी सुज्ञ मनुष्य एक निवडतो आणि झोपतो. मी शेजाऱ्यांचे मत घेतले.

वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब राहतात. माझे बोलणे थांबते पण संपत नाही, या कारणास्तव त्यांनी मला "अर्धविराम" हे नाव दिले आहे, आणि ते दुर्दैवाने इमारतीत रूढ झाले आहे.

"अप्रोच लिहा, अर्धविराम," ते म्हणाले. "बँकेत आम्ही तेच लिहायचो. अमुक खिडकीस अप्रोच व्हा."

"लोक यायचे?"

"यायचे की. आले म्हणजे आम्ही त्यांना दुसऱ्या खिडकीकडे पाठवायचो."

"आणि कम क्लोजर?"

मॅनेजरसाहेबांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "हे बघा, आपल्या वयाच्या माणसाने चारचौघांत म्हणायचं वाक्य नाही ते. त्यातून शेजारी तुमची पाटलोण लटकणार. लोक काय समजायचं ते समजतील."

तळमजल्यावर इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणाऱ्या बाई राहतात. त्यांचे मत अधिक शास्त्रीय होते. "कम हिअर मी फक्त पळणाऱ्या मुलांना म्हणते," त्या म्हणाल्या, "आणि ती येत नाहीत. स्टेप फॉरवर्ड म्हणजे कोणीतरी काहीतरी चोरलंय. कम ओव्हर म्हणालात तर चहा पाजावा लागेल. ड्रॉ निअर चांगलं आहे, पण ते प्रार्थनेतलं वाटतं, ऐकून लोक चपला काढतील."

"मग लीन इन?"

"त्याने नुसतं डोकं पुढे येतं. पाय तिथेच राहतात. वयस्कर माणूस पडला तर जबाबदार कोण?"

ही विवेचनाची सूक्ष्मता पाहून बाईंविषयीचा माझा आदर दुणावला. मी तिथेच बसून या सर्व प्रयोगांचा अंतरानुसार क्रम लावला. कम ओव्हर मनुष्याला फाटकापर्यंत आणते, कम हिअर पायांशी, कम क्लोजर खांद्याशी आणि लीन इन कानाशी. आम्हांस हवे होते नाकाचे अंतर, कापडापासून वीतभर. त्या अंतरासाठी त्या समृद्ध भाषेने शब्दच घडवलेला नव्हता.

सिद्धान्तापेक्षा प्रयोग श्रेष्ठ, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आमच्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. वीजमीटर वाचणारे गृहस्थ वर येत होते. मी स्पष्ट उच्चारात म्हणालो, "कम क्लोजर."

ते पायरीवर थबकले आणि मागे वळून पाहू लागले. मागे कोणी नव्हते.

"कम निअर," मी म्हणालो.

"काका, काकू घरात आहेत ना?" त्यांनी एक पायरी उतरून विचारले.

"स्टेप फॉरवर्ड."

त्यांनी विजेरीसकट दोन्ही हात पुढे केले. "काका, मी नुसतं रीडिंग घेतो. मागच्या महिन्याचं बिल मी नाही बनवलं."

इतक्यात आतून पत्नीचा आवाज आला, "या हो आत, चहा टाकलाय," आणि ते गृहस्थ माझ्या बाजूने, अंग चोरून, सरळ स्वयंपाकघरापर्यंत गेले. "या हो आत" या शब्दांत जी ओढ आहे तिची बरोबरी करणारे काही इंग्रजीत असेल, तर ते माझ्या कोशात तरी नाही.

अखेर "प्लीज कम क्लोजर" एवढे तीन शब्द घेऊन मी सचिवबाईंकडे गेलो. मला वाटले, काम संपले. तिथे काम सुरू झाले.

"सर, कम हे आज्ञार्थी वाटतं," त्या म्हणाल्या. "समितीतल्या एकांचं म्हणणं आहे, पाहुण्यांना आज्ञा नको."

"म्हणून तर प्लीज आहे."

"प्लीजमुळे आज्ञा जास्तच जाणवते म्हणाले ते."

मी विनंतिवाचक रचना केली. ती परत आली, कारण प्रत्येक गाळ्यात आयोजकांचीच "वस्तूंना हात लावू नये" अशी ठसठशीत पाटी होती. आमच्या पाटीने जवळ बोलावले आणि उद्या कोणी हात लावला, तर दोन पाट्यांत विसंगती उत्पन्न होणार होती. विसंगती हा शब्द ऐकताच माझ्यातला मसुदेकार जागा झाला. मी खुलासा जोडला. खुलाशाला अपवाद जोडला. ज्यांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही त्यांचा अपवादात समावेश केला. शिवाय कम क्लोजर आणि ड्रॉ निअर यांतले कोणते सोडावे हे ठरेना, तेव्हा दोन्ही ठेवून मध्ये "म्हणजेच" घातले. सिद्ध झालेल्या इंग्रजी वाक्याचा भावार्थ असा होता: "सुज्ञ प्रेक्षकांनी, आपल्या सोयीस व मर्जीस बाध न येईल अशा बेताने, सांप्रत उभे असलेल्या जागेहून किंचित निकट यावे, म्हणजेच एरवी आले असते त्याहून अधिक जवळ यावे, मात्र निकट येणे म्हणजे स्पर्श करणे नव्हे, हे ध्यानी घ्यावे, आणि ज्यांस वाकणे प्रकृतिमानानुसार अशक्य असेल त्यांनी तसे न केल्यास त्यांचा अनादर मानला जाणार नाही."

समितीने ते एकमताने मंजूर केले. त्यात आक्षेप घ्यायला फटच नव्हती. मी पत्नीला वाचून दाखवले.

"लांब झालंय," ती म्हणाली.

मंजुरी मिळाली तो प्रदर्शनाचा आदला दिवस होता. पेंटर आमच्याच गल्लीत बसतो. पाटीचा आकार आयोजकांनी ठरवून दिलेला: एक वीत लांब, चार बोटे रुंद. त्याने पाटीकडे पाहिले, माझ्या कागदाकडे पाहिले, आणि ब्रश खाली ठेवला.

"साहेब, स्कूटरच्या नंबरप्लेटवर पोथी लिहायला सांगताय."

"एक शब्दही गाळता येणार नाही. मंजूर झालेला मजकूर आहे."

"मग अक्षर बारीक येणार. मला उद्याचा दिवस लागेल. आणि चष्मा बायकोचा घ्यावा लागेल, तिचा नंबर मोठा आहे."

त्यामुळे प्रदर्शनाचा पहिला दिवस पाटीवाचून गेला. तो दिवस मी विसरू शकत नाही. लोक घोड्यांपाशी थांबत, पाखरांपाशी थांबत, आणि आमच्या गाळ्यावरून नजर न वळवता पुढे जात. एक कुटुंब थांबले. कर्ता पुरुष म्हणाला, "इथलं अजून लावायचंय वाटतं," आणि ते गेले. मग एक घाईत असलेले गृहस्थ आले, त्यांनी अंगातला कोट काढला, शालीशेजारच्या मोकळ्या खुंटीवर अडकवला, पत्नीकडे पाहून "थँक यू, बाई," म्हणाले आणि टोपल्या पाहायला निघून गेले. आमचा गाळा ही कपडे ठेवायची सोय आहे अशी त्यांची समजूत झाली होती.

मी संतापाने उठलो. पत्नीने मला खाली बसवले. तिचे लक्ष कोटाच्या कोपराकडे होते. "विरलंय बघा," ती म्हणाली. तिने कोट खाली घेतला, आतली शिवण उसवली, एकेक धागा उजेडात धरला. "लांबी बरोबर आहे." सभोवती माणसांची वर्दळ चालली होती, आणि ही बाई, जिच्या कामाकडे सबंध सकाळ एका जीवाने पाहिले नव्हते, त्यांतल्याच एकाचे कोपर मांडीवर घेऊन सांधत होती. गृहस्थ परत आले, कोट चढवला, पुन्हा "थँक यू" म्हणाले आणि गेले. त्यांना काही कळले नाही.

"अगं, सांगायचं तरी," मी म्हणालो.

"कळलं नाही म्हणजे नीट झालंय," ती म्हणाली, आणि खरोखर समाधानाने म्हणाली. संध्याकाळी घरी जाताना मात्र ती सभागृहाच्या जिन्यापाशी क्षणभर थांबली आणि माडीवरच्या त्या बंद खोलीकडे पाहून पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरने पाटी आणून दिली. मी ती हातात घेतली आणि माझा चेहरा उतरला. सगळा मजकूर होता, अर्धविरामासकट होता, पण दुरून पाटीवर मुंग्यांची रांग चालल्यासारखी दिसत होती.

"हे वाचणार कोण?" मी म्हणालो.

"लिहिताना मलाही तेच वाटत होतं, साहेब," पेंटर म्हणाला. "पण काम चोख आहे. बघून घ्या."

काम चोखच होते. चार बोटांच्या रुंदीत त्याने जे बसवले होते ते मला एखाद्या मोठ्या फलकावर जमले नसते. पाटी पाटलोणीच्या उजव्या अंगाला, डोळ्यांच्या उंचीवर ठोकण्यात आली. मी खुर्चीत बसलो आणि पराभवाची वाट पाहू लागलो.

पहिले आले एक वृद्ध गृहस्थ. त्यांना पाटी दिसली, वाचता येईना. पाटी वाचता येत नाही ही गोष्ट मनुष्याला फार बोचते. आपले डोळे गेले की काय अशी शंका येते, आणि ती तो मिटवल्याखेरीज पुढे जात नाही. ते एक पाऊल पुढे आले. मग आणखी एक. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नाक पाटीपासून वीतभर अंतरावर आणले, पहिली ओळ ओठांनी वाचली, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्यांची नजर डावीकडे घसरली. ती तिथेच राहिली. मग ते गृहस्थ, पाठीमागे हात बांधून, माझ्या पाटलोणीच्या त्या अनुल्लेखनीय भागाचे निरीक्षण करू लागले.

"हे फाटलं होतं?" त्यांनी वळून विचारले.

"हो," पत्नी म्हणाली.

"कुठे?"

पत्नी हसली. पहिल्या दिवसापासून हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ती बसली होती.

वाकलेला एक मनुष्य दिसला की दुसरा वाकतो. दुपारपर्यंत आमच्या गाळ्यापुढे रांग लागली. लोक पाटी वाचायला येत, दीड ओळीत दमत, आणि कपड्यांपाशी थांबत. शालीतली भोके शोधण्याची दोन बहिणींत पैज लागली. एक परदेशी पाहुण्या खिशातून भिंग काढून सदरा पाहत राहिल्या. माझी छाती मात्र वेगळ्याच कारणाने फुगली होती. मला वाटत होते, हा माझ्या वाक्याचा प्रभाव. मी सभागृहाच्या पहारेकऱ्याला, जणू सहज, विचारले, "पाटी कशी वाटली?"

"काय लिहिलंय हो त्यात?" तो म्हणाला.

"तुम्ही वाचली नाहीत?"

"दोनदा जवळ गेलो वाचायला. दोन्ही वेळा पाटलोण बघून परत आलो."

माझ्या स्वाभिमानाला जी जखम झाली तिला रफू नाही. मी उठलो, आणि निदान अर्धविराम तरी योग्य स्थळी आहे ना हे पाहावे म्हणून रांगेत उभा राहून पाटीपाशी गेलो. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माझीही नजर डावीकडे गेली.

ते भोक मला ठाऊक होते. किती मोठे होते, कोठे होते, त्याचा आवाज कसा होता, सगळे ठाऊक होते. मी ते शोधू लागलो. करड्या कापडाची तिरपी वीण वरून खाली येत होती, न अडखळता, न श्वास घेता, जशी उत्तम गद्यातली ओळ एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाते आणि सांधा वाचकाला जाणवत नाही. माझ्या हयातभराच्या मसुद्यांत इतका सलग एकही नव्हता. मी वीतभरावरून पाहिले, बोटभरावरून पाहिले. मागून कोणीतरी म्हणाले, "काका, पुढे सरका, आम्हालाही बघायचंय." मला भोक सापडले नाही.

शेवटच्या संध्याकाळी सचिवबाई आल्या. त्याही पाटी वाचायला वाकल्या, त्यांनीच मंजूर केलेली असूनही, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ होऊन पत्नीला म्हणाल्या, "खोलीची किल्ली सोमवारी कार्यालयातून घेऊन जा, बाई. आजच कितीतरी जणांनी वर्ग कधी सुरू होणार म्हणून विचारलंय."

पत्नीने हातातली सुई पदराला टोचून ठेवली.

"फक्त दारावर नवी पाटी करून घ्या," सचिवबाई पुढे म्हणाल्या. "ठळक, दोन-तीन शब्दांची. सर, तुम्ही थोडक्यात लिहून द्याल का? ही कोणालाच वाचता येत नाहीये."

मी मान खाली घातली. थोडक्यात लिहायला मी तयार होतो. आयुष्यात प्रथमच तयार होतो. पण पत्नीने ती पाटी भिंतीवरून काढली होती. दोन्ही हातांनी ती तिने दिव्याच्या उजेडात धरली, डोळे बारीक करून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पाहिली, आणि म्हणाली,

"हीच लावू. लांबी बरोबर आहे."